गॅरेजातली पाने

मराठीत 'पाने' हा शब्द दोन घरांतून येतो. पुस्तकाच्या पानाचं अनेकवचन पाने आणि नटबोल्ट आवळायच्या पान्याचं अनेकवचनही पानेच. मराठीच्या मास्तराला अशी संधी मिळाली की तो ती सोडत नाही. 1993 साली मी बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात सहशिक्षक म्हणून लागलो आणि पहिल्या वर्षापासूनच या शब्दावर एक कोटी करू लागलो. "बाळांनो, आज ही पाने उलटली नाहीत, तर उद्या ती दुसरी पाने फिरवत बसाल, गॅरेजात!" वर्ग हसायचा. मुख्याध्यापक झाल्यावर ही कोटी पालकसभेतही चालू लागली. पालकही हसायचे.

गेल्या वर्षापासून ती कोटी मी बंद केली. कशी बंद झाली ते सांगतो. गोष्ट एका गाडीच्या सांध्याची आहे. यंत्रांत रस नसलेल्या वाचकांनी कंटाळू नये. मलाही वर्षापूर्वी त्यातलं काही कळत नव्हतं.

आमचा धाकटा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी करतो. अंगावरचा पहिला सदरा स्वतःच्या पगाराचा झाला तसा त्याने गाडीचा ध्यास घेतला. गाडी म्हणजे तुमच्या-आमच्या मनात येते तशी नव्हे. लष्कराच्या लिलावातून निघून दोन-तीन हात फिरलेली जुनी जिप्सी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात जिप्सी कुणाला माहीत नाही? 1985 साली ती बाजारात आली, 1996 साली 1298 सीसीचं इंजिन घेऊन 'किंग' झाली आणि पुढे सामान्य गिऱ्हाइकापेक्षा फौजेतच जास्त रमली. कॅम्पातल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या हिरव्या जिप्सी बघतच आमची मुलं मोठी झाली.

घरात गाडी आली तेव्हा सौ.ने ओवाळली. महिन्याभरात धाकट्याने आणि त्याच्या मित्रांनी तिचे कमानपाटे सोडवले. जिप्सीचे पाटे मुळात एक्सलच्या खालून गेलेले असतात. ते एक्सलच्या वर बसवले की गाडी साधारण पाच इंच उंच होते. त्यात मोठे टायर घातले की आणखी थोडी. परसात ती उभी राहिली तेव्हा उंटासारखी दिसत होती. सौ. म्हणाली, "यात मी चढणार कशी?" आणि ती त्यानंतर कधी चढलीही नाही.

मी मात्र कायद्याचं बोललो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. मी शाळेत शिस्त शिकवतो आणि माझ्याच दारात बेकायदा गाडी! धाकटा म्हणाला, "बाबा, ही रस्त्यावर चालवायची नाहीच. जांबोटीच्या बाजूला मित्राच्या मामाची काजूची बाग आहे. तिथे ट्रकवर घालून न्यायची, तिथेच फिरवायची, तशीच आणायची." हे त्याने आजपर्यंत पाळलं आहे. पण त्या दिवशी मला राग आला होता तो कायद्यामुळे नव्हे. शिकूनसवरून मुलगा रविवारी ग्रीसने हात बरबटून घेतो, हे खरं दुखणं होतं. कायदा तोंडी लावायला होता.

तरी मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्याच्याबरोबर बागेत गेलो. बाप-लेकांत बोलणं फार उरलं नव्हतं. म्हटलं, गाडीत बसू तेवढंच. बागेतल्या सपाट वाटेवर गाडीने चाळीसचा वेग घेतला की पायाखालून एक थरथर यायची. माझ्या चष्म्याची काडी कानावर नाचायची. "हे काय?" विचारलं तर म्हणाला, "जुनी गाडी आहे, बाबा. चालायचंच."

पुढे चढ लागला. तांबड्या मातीचा, मध्ये एक बांध. धाकट्याने लहान दांडा ओढून गाडी 'फोर व्हील लो'मध्ये टाकली. पुढची चाकं बांधावर चढली, पलीकडे टेकली, आणि मागचा भाग क्षणभर हवेत लोंबला. त्याच क्षणी माझ्या पायांखाली कुणीतरी घण घालावा तसे आवाज सुरू झाले. एक, दोन, पाच, सहा. धाकट्याने क्लच दाबला, इंजिन बंद केलं. गाडी मागे सरकू लागली. त्याने ब्रेक दाबून धरला आणि ती थांबली. दोघेही काही बोललो नाही. बांधाखाली काजूच्या झाडांची रांग होती, आणि त्यापुढे उतार.

खाली उतरून पाहिलं तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, ज्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, त्याचे दोन तुकडे झाले होते. तुटले नव्हते, एकमेकांतून निसटले होते. एक तुकडा मातीवर लोळत होता. दुसरा पुढे अडकून लोंबत होता, आणि फिरता फिरता त्यानेच गाडीच्या पत्र्यावर घाव घातले होते. माझ्या पायांच्या जागी पत्रा खालून वर आला होता. मागच्या ब्रेकची नळी तिथून चार बोटांवर होती. ती फुटली असती तर पायाखालचा ब्रेक उतारावर तसाच घट्ट राहिला असता, असं मला कुणी सांगू शकलं नाही.

दोन्ही तुकडे सोडवून गाडीत टाकले आणि नुसत्या पुढच्या चाकांच्या ओढीवर आम्ही बागेबाहेर आलो. घरी सौ.ला काही सांगितलं नाही. या बाबतीत बाप-लेकाचं पहिल्यांदा एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा म्हणाला, "उद्यमबागेत एक अण्णा आहेत. शाफ्टच्या कामात त्यांच्यासारखं कुणी नाही. येता?" गेलो. पत्र्याची शेड, एक लेथ, एक वेल्डिंगचं यंत्र, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे. चाळिशीचा एक माणूस गाडीखालून बाहेर आला. मला पाहिलं, हात चिंधीला पुसले आणि वाकून नमस्कार केला.

"सर, वळख लागली नाही व्हय?"

मला लागली नाही. त्याने आडनाव सांगितलं, वर्ष सांगितलं, नववी ब सांगितलं, तेव्हा हळूहळू एक चेहरा वर आला. आमच्या शाळेमागच्या गल्लीत राहणारं कन्नड घर. वडील फाउंड्रीत. शाळा जवळ म्हणून मुलाला मराठी शाळेत घातलेलं. नववीत नापास होऊन शाळा सोडलेला मुलगा.

"बसा सर," म्हणाला आणि धाकट्याकडे वळला. "काय केलास रे? गाडी उंच केलास, शाफ्ट जुनीच ठेवलास?"

मी नकळत म्हणालो, "शाफ्ट जुनाच. तो शाफ्ट."

तो हसला. "तो असू दे, ती असू दे सर. कोन काय बदलत नाही."

मग त्याने खिशातून खडू काढला. गॅरेजात खडू! लोखंडावर खुणा करायला वापरतात, हे मला त्या दिवशी कळलं. फरशीवर त्याने एक काटकोन त्रिकोण काढला आणि मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. बोललं त्याचं होतं.

जिप्सीत गिअरबॉक्सच्या मागे एक वेगळी पेटी असते, ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका आखूड दांड्याने या पेटीत येते आणि तिथून पुढच्या व मागच्या चाकांना वाटली जाते. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट पेटीतून खाली उतरत मागच्या हाऊसिंगला मिळतो. पेटी चौकटीला बांधलेली. हाऊसिंग मात्र खड्ड्याखड्ड्याला वरखाली होणारं. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचा सांधा लागतो, कोनातून फिरता यावं म्हणून. आणि मध्ये तलवार म्यानात सरकावी तशी दातेरी सळई स्लीव्हमध्ये सरकत असते, लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून.

"आता हिशेब बघा," तो म्हणाला. "समजा शाफ्ट छत्तीस इंच. एक टोक दुसऱ्याहून चार इंच खाली. गाडी पाच इंच उचललं, आता टोक नऊ इंच खाली. आडवं अंतर तेच. मग तिरकी बाजू किती?"

धाकट्याने मोबाइलवर गणित केलं. 36.9 इंच. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच शाफ्टला जवळजवळ एक इंच जास्त लांबी हवी. तो इंच आला कुठून? स्लीव्हमधून. सळई तेवढी बाहेर आली, आतली पकड तेवढी कमी झाली. आणि बांधावर मागची चाकं लोंबली तेव्हा उरलीसुरली पकडही सुटली.

"आणि कोन," तो पुढे म्हणाला, "पहिला साडेसहा अंश होता. आता चौदा." तो थांबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "कोन म्हणजे कोनच की सर. तुमच्यात बी कोन, आमच्यात बी कोन."

खरंच. मराठीतही कोन, कन्नडातही कोन. इतकी वर्षं या गावात भाषा शिकवून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग थरथरीचं कारण निघालं. या क्रॉसच्या सांध्याला युरोपात कार्डानो या सोळाव्या शतकातल्या इटालियन विद्वानाचं आणि हूक या सतराव्या शतकातल्या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याचा एक जन्मजात दोष आहे. वरचा दांडा अगदी एकसारखा फिरत असला, तरी कोनातून पलीकडे गेलेला दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. साडेसहा अंशाला हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. चौदा अंशाला तीन टक्के. यावर उतारा काय? दुसरा सांधा. खालच्या टोकाचा सांधाही तेवढ्याच कोनात असेल आणि दोघांची तोंडं एका रेषेत असतील, तर वरच्याने केलेली चूक खालचा उलटी करून भरून काढतो, आणि चाकांना एकसारखी फेरी मिळते.

"तुमच्या पोराने काय केलं माहीत आहे? खालचं हाऊसिंग वेल्डिंग करताना त्याचं तोंड वर केलं, शाफ्टकडे. त्याला वाटलं, खालचा कोन कमी झाला, बरं झालं. दिसायला सरळ दिसतं की. पण वरचा सांधा चौदा अंशात एकटा पडला. त्याचं भरून काढायला खाली कोणी नाही."

धाकटा मान खाली घालून ऐकत होता. अगदी नववी बसारखा. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी असंही वाटलं, की हा माणूस किती छान शिकवतो! कुठेही 'एवढंही कळत नाही?' असं म्हणाला नाही. चूक कुठे झाली हे सांगितलंच, पण ती करताना पोराच्या मनात काय असेल तेही सांगितलं.

काम तीन आठवडे चाललं. शाळा सुटली की मी संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागलो. पहिल्यांदा त्याने गाडी तीन स्थितीत मापली: उभी असताना, मागची चाकं पूर्ण लोंबत असताना आणि पाटे पूर्ण दबलेले असताना. सर्वांत लांब स्थितीतही सळई स्लीव्हमध्ये पुरेशी राहिली पाहिजे आणि सर्वांत आखूड स्थितीत ती तळाला टेकता कामा नये, असं लांब स्लीव्ह आणि जाड पाइप घेऊन नवा शाफ्ट लेथवर बांधला. जोडण्याआधी दोन्ही भागांवर खडूची एक सरळ रेघ मारली. "ही रेघ चुकली तर दोन सांधे एकमेकांचं ऐकत नाहीत," म्हणाला. वेल्ड झाल्यावर शाफ्ट तोल साधायच्या यंत्रावर फिरवून आणला.

वरच्या सांध्याला दोन वाटा होत्या. एक स्वस्त: हाऊसिंग पुन्हा सोडवून त्याचं तोंड मूळच्यासारखं करायचं, म्हणजे दोन्ही कोन सारखे. दुसरी: हाऊसिंग आहे तसं शाफ्टकडे रोखलेलं ठेवायचं आणि पेटीच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉसचा जोडसांधा बसवायचा. चौदा अंश दोघांत सात-सात वाटले जातात, आणि एकाची चूक शेजारचाच दुरुस्त करतो. चाकं लोंबली की कोन आणखी वाढतो, म्हणून त्याने दुसरी वाट घेतली. असा सांधा एका मोठ्या गाडीच्या जुन्या शाफ्टवरून मिळाला. शाफ्टभोवती एक लोखंडी कडंही ठोकलं. उद्या पुन्हा निसटला तरी तो पत्र्यावर आपटणार नाही आणि पुढचं टोक जमिनीत रुतून गाडी उचलणार नाही. "त्या दिवशी वेग नव्हता म्हणून," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

ट्रान्सफर केसकडे तो सगळ्यात शेवटी वळला. ती पेटी रबराच्या तीन टेकूंवर बसते. रबर जुनं होऊन फाटलं होतं, जोर आला की पेटीच पिळवटून निघत होती आणि शाफ्टचा कोन आणखी बिघडवत होती. नवी रबरं आणि खालून आधाराला एक लोखंडी पाळणा झाला. आतले 'लो'चे गिअर बदलायचे, ही धाकट्याची पहिल्यापासूनची हौस. मोठ्या टायरांमुळे गाडी चढाला धापा टाकत होती. मूळचं प्रमाण 2.27 च्या आसपास. हवं होतं 4.16 चं.

"ते आधी मागितला असतास तर दिलं नसतं," मिस्त्री म्हणाला. "गिअर बदलला की मागच्या शाफ्टवर जोर पावणेदोन पटीच्या वर येतो. सांधा कच्चा ठेवून जोर वाढवला तर काय होतंय? आणि आताही ऐकून ठेव. शाफ्ट पक्का झाला, म्हणून पुढचं तुटेल ते एक्सल. कमजोर जागा जात नाही, सरकते. कुठं सरकली ते माहीत असावं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जुन्या कपाटातून 1996-97 चं नववीचं निकालपत्रक काढलं. कागद पिवळा पडला होता, पण शाई तशीच होती. नववी ब. गणित 71. विज्ञान 64. कन्नड 80. मराठी 28. त्या 28 खाली तांबडी रेघ आणि शेवटी माझी सही. पास व्हायला 35 लागत होते.

त्याने उत्तरपत्रिकेत काय लिहिलं होतं, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. निबंध कशावर होता, त्यात काही सांगितलं होतं का, आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की लिंगं चुकली होती. 'तो गाडी', 'ती रस्ता'. प्रत्येक चुकीभोवती मी तांबडं वर्तुळ काढलं होतं. वर्तुळं आठवतात, मजकूर आठवत नाही. पेपर परत देताना वर्गासमोर ती कोटीही केली होती. गॅरेजातल्या पान्यांची. वर्ग हसला होता.

आपल्या भागातल्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी घरांत आई एका भाषेत रागावते आणि शाळा दुसऱ्या भाषेत. मराठी टिकावी म्हणून आम्ही शिक्षकांनी या गावात जन्म घालवला आणि त्याची मला आजही लाज नाही. मुलांची मराठी उंच व्हावी, एवढाच माझा हट्ट होता. पण उंची वाढवताना सांध्यांचं काय, हे मी कधी पाहिलं नाही. घरची कन्नड एका पातळीवर, माझी पुस्तकी मराठी पाच इंच वर. मधला कोन वाढत होता आणि मूल थरथरत होतं. मी म्हणायचो, "कच्चं आहे. चालायचंच."

शनिवारी मी मिस्त्रीला म्हटलं, "एकदा शाळेत ये. नववीच्या मुलांना हे शाफ्टचं शिकव. विज्ञानाच्या पुस्तकात हे असं नाही."

तो चिंधीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मला मराठी येत नाही सर. तुम्हीच लिवलंय की तसं."

टोमणा नव्हता त्यात. शाळेने दिलेला दाखला माणूस जसा सांगतो, तसं त्याने सांगितलं. त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने म्हणालो, "ते मी चुकीचं लिहिलं होतं."

तो काही बोलला नाही. लेथ सुरू केला. मला वाटलं, विषय संपला. निघताना मागून आवाज आला, "पुढल्या शनिवारी किती वाजता?"

सकाळच्या शाळेला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. गोणपाटात गुंडाळलेले त्याच जुन्या शाफ्टचे दोन तुकडे आणि एक नवा क्रॉस टेबलावर ठेवला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. त्याने फळ्यावर तोच काटकोन त्रिकोण काढला. "हा शाफ्ट असा फिरती," म्हणाला आणि पुढच्या बाकावरून एक मुलगी खुसकन हसली. मी मान वर केली. पण त्याने मला काही करू दिलं नाही. "हासा, हासा," म्हणाला. "फिरती म्हटलं काय आन् फिरतो म्हटलं काय, आता बघा कसा फिरतोय." आणि दोन मुलांना पुढे बोलावून एकाला वरचा दांडा, एकाला खालचा दांडा हातात दिला. कोन वाढवला की खालच्या हाताला हिसका बसतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं. मग दुसरा सांधा जोडला. हिसका गेला. चाळीस मुलांनी एकेकाने येऊन दांडा फिरवून पाहिला. तास संपल्याची घंटा झाली तरी रांग संपली नव्हती.

माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगा बसतो. घरी कन्नड बोलणारा. वर्षभरात वर्गात स्वतःहून एक वाक्य बोललेला नाही, असं त्याच्या वर्गशिक्षिका सांगतात. त्याने हात वर केला आणि अर्धं मराठी, अर्धं कन्नड करून विचारलं, की दोन्ही कोन सारखे ठेवले तरी मधला दांडा तर हिसके खातच राहणार ना? मग तो नाही का तुटत?

मिस्त्रीने फळ्यावरचा खडू खाली ठेवला. "याचं नाव काय?" म्हणून मला विचारलं. मग त्याला म्हणाला, "बरोबर विचारलास. मधला खातोच. दोन्हीकडचे सुखात असतात ते मधल्याच्या जिवावर. म्हणून तर त्याला ग्रीस द्यायला विसरायचं नाही."

गाडी फेब्रुवारीत पुन्हा बागेत नेली. मी परत त्याच सीटवर बसलो. भीती होती, पण बसलो. सपाट वाटेवर चाळीसचा वेग आला. चष्म्याची काडी कानावर स्थिर होती. बांधावर मागचा भाग पुन्हा हवेत लोंबला, पायाखाली काही आपटलं नाही, आणि नव्या 'लो'वर गाडी माणसाच्या चालीने चढ चढून गेली. वर पोचल्यावर धाकट्याने गाडी थांबवली आणि एक्सल तपासायला खाली वाकला. कमजोर जागा कुठे सरकली, ते आता तो दर खेपेला बघतो. मीही त्याच्याबरोबर वाकलो. तो मला एकेका भागाचं नाव सांगत होता. लिंग चुकलं तर मी दुरुस्त केलं नाही.

निकालपत्रकातले 28 मात्र तसेच आहेत. सरकारी कागद आहे, त्यावर खाडाखोड करता येत नाही. त्या जुन्या शाफ्टचे दोन तुकडे शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवले आहेत, त्यावरची खडूची रेघ पुसू नये अशी सूचना शिपायाला दिली आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. तेवढ्यात निबंध तपासताना मी एक करतो: तांबडं पेन हातात घेण्याआधी निबंध एकदा नुसता वाचतो.